गोविंदा म्हणत गेली

आमच्या नात्यात कुणी म्हातारं माणूस दवाखान्यात पडलं, की माझ्या आजीच्या मरणाची गोष्ट हमखास निघते. ब्याऐंशी वर्षांची बाई, जन्मभर शनिवार धरले, आणि शेवटचे दोन दिवस तोंडात दुसरा शब्द नाही, नुसतं देवाचं नाव. गोविंदा म्हणत गेली. ऐकणारे हात जोडतात. मी तिथे असलो तर माझ्याकडे बघतात, कारण त्या वेळी तिच्याजवळ मी होतो. मी मान हलवतो. नऊ वर्षं हलवत आलो.

ती गोष्ट खोटी आहे. मीच रचलेली.

आजी सिरोंच्याकडची. पार दक्षिणेचं टोक, नदी ओलांडली की तेलंगण. तिच्या माहेरी घरात तेलुगूच. लग्न होऊन नागपूरला आली ती अजनीच्या रेल्वे क्वार्टरात, आणि मराठी शिकली भाजीवाल्यांशी भांडून. माझी आई मी तीन वर्षांचा असताना गेली. वडीलही रेल्वेतच, चार दिवस घरी तर सहा दिवस बाहेर. मला वाढवलं ते आजीनं. मी तिला नानम्मा म्हणायचो.

देवाचं तिचं फार कडक होतं. उजाडायच्या आत अंगण झाडून, सडा घालून पिठाची रांगोळी. पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, मग ताप असो की काही असो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर बालाजीची तसबीर, आणि तिच्यासमोर बसून ती तासभर तेलुगूत बोलायची. शेजारणींना वाटायचं, मंत्र म्हणून राहिली. ती त्याला विचारत असायची, की पोराचा ताप उतरवायला इतके दिवस काहून लागतात, डोंगरावर गर्दी फार आहे का तुझ्याकडे, का झोप लागली होती. जावयाला धारेवर धरावं तसं धरायची देवाला. मला सगळं कळायचं. अंथरुणात पडल्या पडल्या मी हसायचो, आणि ती तसबिरीकडे बघूनच म्हणायची, "बघ, हसून राहिला. म्हणजे उतरला ताप."

मी दहा वर्षांचा असताना एकदा डबा विसरलो. ती मधल्या सुट्टीत तो घेऊन शाळेच्या फाटकाशी आली आणि तेलुगूत हाका मारायला लागली, ये बिड्डा, जेवून घे. डब्यात चिंचेचा भात. पोरांना तेवढं पुरलं. "ए मद्रासी, तुझी अम्मा आली रे! अंडूगुंडू, अंडूगुंडू!" वर्षभर ते चाललं. त्या दिवशी घरी येऊन मी तिला म्हटलं, "तू माझ्याशी तेलगूत नको बोलू. घरात बी नाही. आणि मी तुले आजी म्हणीन."

"काहून गा?" तिनं विचारलं.

"मले नाही येत तेलगू."

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीतच बोलली, तिच्या त्या मोडक्या मराठीत. भाजी चांगला, भात चांगली. पुढची तीस वर्षं. मला वाटलं होतं कधी तरी चुकेल, रागात, घाईत. कधीही चुकली नाही. वडिलांच्या पश्चात तिचं तेलुगू उरलं दोघांपुरतं: फोनवर आत्याशी, आणि देवाशी. आत्या म्हणजे तिची एकुलती एक मुलगी, वारंगलला दिलेली. मी मात्र सगळ्यांना तेच सांगत गेलो. बायकोलाही. आमच्या घरात तेलुगू ही आजीची पूजेची भाषा, असंच ती आणि माझी मुलगी समजून होत्या.

आजीनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. वडील दवाखान्यात गेले, खाटेवर, नळ्या लावलेल्या. त्यांच्या तेराव्यानंतर ती म्हणाली, "मले असं खाटेवर मरू देऊ नको. खाली उतरव. देवाजवळ टाक चटई, तोंडात तुळशीचं पाणी घाल. बस. येवढं कर."

"करीन न वं आजी," मी म्हटलं. पेपर वाचत म्हटलं असेल.

ती आजारी पडली त्याच्या दोनच महिने आधी आम्ही नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. वडिलांनी अजनीजवळ बांधलेल्या दोन खोल्या विकून घेतलेला, तिसऱ्या मजल्यावर. वास्तुशांत झाली. गॅसवर पातेल्यात दूध उतू घालवलं ते आजीनंच, आमच्याकडे ते घरातल्या मोठ्या बाईनं करायचं असतं. जुनी तसबीर हॉलमधल्या नव्या संगमरवरी देवघरात गेली. तिथं तिला खाली बसता येईना, तर ती खुर्चीवर बसून देवाला म्हणाली, की तुझी बढती झाली, आता तू साहेबांच्या रांगेत. मी सोफ्यावर होतो. हसलो नाही. मला कळत नव्हतं ना.

मग ती पडली, न्यूमोनिया झाला, आणि तिला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ठेवलं. तिथल्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी मन लावून केलं. सहाव्या दिवशी तिचं मराठी गेलं. सकाळी नर्सनं नाव विचारलं तर तेलुगूत उत्तर. दुपारपासून ती एकच वाक्य म्हणायला लागली. मी खाटेशी होतो. तिनं माझं मनगट धरलं होतं.

"नन्नु इंटिकि तीस्कपो बिड्डा. देवुनि काड पंडबेट्टु."

मला घरी ने, बाळा. देवाजवळ निजव.

डॉक्टर आले. तरुण, सभ्य माणूस. म्हणाले, आता फार सुधारणा होईल असं वाटत नाही. श्वासाची नळी घालता येईल, किंवा घरच्यांची इच्छा असेल तर घरी नेता येईल, ऑक्सिजनची सोय करून देऊ. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पेशंट काय म्हणतायत?"

बायकोही तिथेच होती. "हो ना, काय म्हणून राहिल्या आजी?"

मी म्हटलं, "काही नाही. देवाचं नाव घेऊन राहिली."

दोघांनी मान डोलावली. डॉक्टरांनी तर किंचित हातही जोडले. नळी नको, पण इथेच राहू द्या, असं मी सांगितलं.

का, ते आता लिहितो. लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती. मुलीची दहावी होती. बायकोनं मागचे तीन आठवडे बेडपॅन उचलले होते. ही सगळी कारणं खरी होती आणि यातलं एकही कारण नव्हतं. नव्या घरात पहिलं मयत नको, हे कारण होतं. बायको असं काही बोलली नव्हती. दुसरंही कुणी बोललं नव्हतं. माझ्याच मनात आलं: भिंतींचा रंग ओला आहे, आणि हॉलमध्ये हिचं प्रेत. जन्मभर स्वतःला शहाणा, सुधारलेला समजत आलो आणि वेळ आली तेव्हा अपशकुनाला भ्यालो. तिनं ज्या घरात दूध उतू घालवलं त्याच घरात तिला मरायला जागा दिली नाही.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको रोज कामठीहून शेअर ऑटोनं डबा घेऊन यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला बाहेरच्या बाकाशी गाठलं.

"भाऊ, तुम्हाले तेलगू नाही येत का?"

"नाही."

"आमचं तेलगूच हाय घरात. म्हाताऱ्या आई घरी न्या म्हणून राहिल्या. कालपासून. देवाजवळ ठेवा म्हणतात. सांगू का मी डॉक्टरले?"

"नको," मी म्हटलं. "त्यांचं डोकं ठिकाणावर नाही आता. काहीही बोलतात."

तिनं माझ्याकडे पाहिलं, हातातला डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, आणि आत गेली.

दहाच्या सुमारास मला सुताराचा फोन आला, स्वयंपाकघराच्या ट्रॉलीचं माप घ्यायचं होतं. आत नीट ऐकू येईना म्हणून मी जिन्यात गेलो. बोलणं लांबलं. परत आलो तेव्हा ती बाई आजीच्या खाटेशी उभी होती आणि नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली होती.

"गेल्या," ती म्हणाली. "मी पाणी घातलं तोंडात. माझ्याजवळ तुळस नव्हती. कानात गोविंदा, गोविंदा म्हटलं. कोणी तरी म्हणा लागते."

मी तिचे आभारही मानले नाहीत.

त्याच जिन्यात उभा राहून मी आत्याला फोन लावला. ती गाडीत बसायला निघाली होती. पहिलंच तिनं विचारलं, "अम्मा काय बोलली शेवटी?" मी म्हटलं, "गोविंदा, गोविंदा म्हणत गेली." फोनमध्ये आत्या रडायला लागली, पण ते रडणं सैल झालेलं मला ऐकू आलं. परक्या बाईच्या तोंडचा शब्द उचलून मी आजीच्या तोंडी घातला. पुढे ती गोष्ट आत्यानंच नात्यात नेली. मला फक्त मान हलवावी लागली.

प्रेत वर आणलं नाही. तिसरा मजला, कुठं चढवता, असं म्हणून खाली पार्किंगमध्येच ठेवलं. सगळ्यांना ते पटलं.

आत्या आता चौऱ्याहत्तरची आहे. गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आली. एका डोळ्यावर प्लास्टिकची ढापणी, काळा चष्मा, दर दोन तासांनी थेंब. थेंब मीच घालायचो. चौथ्या दिवशी दुपारी बायको आंघोळीला गेली होती. आत्या देवघरासमोरच्या खुर्चीवर बसली होती. मी बाटली हलवत होतो आणि ती म्हणाली, "मी तर त्याले रोज एकच मागून राहिली गा. अम्मासारखं मरण दे. तुझं नाव घेता घेता."

का त्याच दिवशी, ते मला सांगता येणार नाही. नऊ वर्षांत तिनं हे दहा वेळा तरी म्हटलं असेल. मी बाटलीचं झाकण लावलं आणि म्हटलं, "आत्या, ती देवाचं नाव घेत नव्हती."

सगळं सांगितलं. नव्या घराचंही. आत्या म्हणाली, "तिच्या शब्दांत सांग."

"आता कसं आठवणार..."

"आठवत नसतं तर सांगायले बसला नसता."

मी सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तेलुगू मोठ्यानं तोंडातून काढलं. आत्यानं विचारलं, "कितींदा म्हणाली?" मी म्हटलं, "मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत म्हणत होती." ती उठली, भिंत चाचपत चटई आणली, देवघरासमोर फरशीवर टाकली आणि आडवी झाली.

बायको बाहेर आली. "अगंबाई, आत्या, खाली काहून? वाकायचं नाही सांगितलंय ना डॉक्टरनं!" मी पाण्याचा पेला घेऊन आत्याजवळ बसलो. तिनं माझ्या हातापासून तोंड फिरवलं आणि तेलुगूत दोन वाक्यं बोलली.

"काय म्हणून राहिल्या?" बायकोनं विचारलं. माझ्याकडे बघून नव्हे, असंच, हवेत. तिच्या हिशेबी त्या घरात उत्तर देणारं कुणी नव्हतंच.

"म्हणते, याच्या हातचं पाणी मला नको," मी सांगितलं. "गाडीत बसवण्याजोगी झाली की मला इथून पाठवून द्या, म्हणते."

बायको केस पुसता पुसता थांबली. "तुम्हाला तेलुगू समजतं?"

"लहानपणापासून."

तिनं माझ्या हातातून पेला घेतला, आत्याला उठवून बसवलं, पाणी पाजलं. पदरानं तिची हनुवटी पुसली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मग त्या दिवशी दवाखान्यात आजी काय म्हणत होत्या?"

आत्या चटईवर बसून ऐकत होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.