तिसरा रकाना

"तुम्ही दुसरा कागद लिहून दिलात? खरं सांगा ताई."

"दिला. ओरडू नकोस."

"का दिलात?"

"पहिल्यावर चहा सांडला."

"अगं बाई! सिद्धेश सरांच्या टेबलावर चहा सांडतो आणि नेमका तिसऱ्याच रकान्यावर सांडतो. लई शिकलेला चहा!"

विजयश्रीनं मान वर केली नाही. बायकांच्या लॉकर रूममध्ये बाकावर बसून ती बुटाची नाडी बांधत होती. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळीच उरलेली. मधली तीन बोटं गेल्या पावसाळ्यात सात नंबरच्या प्रेसखाली राहिली. त्यामुळे नाडीचं एक टोक दातांत धरावं लागायचं. जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. साक्षी समोर उभी होती, डोक्याला टोपी, कमरेवर हात. आठ दिवसांपासून सात नंबरवर तीच बसत होती.

चाकणच्या त्या कंपनीत सुरक्षा सप्ताह म्हटलं की दरवर्षी घोषवाक्यं आणि चित्रं. यंदा कुणाच्या तरी डोक्यातून शब्दस्पर्धा निघाली. इंग्रजी शब्द, बरोबर पाच अक्षरांचा, त्यात ए आणि आर ही अक्षरं हवीतच. कागदावर तीन रकाने: शब्द, मराठी अर्थ, आणि 'आपल्या विभागात हे कुठे दिसते?' बाकीच्यांनी चार-पाच शब्दांत हात टेकले. विजयश्रीनं सत्तावीस लिहिले.

ती मूळची मानवतची, बारावी पास. पण हे वेड तिला लागलं दवाखान्यात. उजवा हात पट्टीत, डाव्या हातात मोबाइल, त्यावर शब्दांचा खेळ. चार अक्षरं मिळाली की पाचवं शोधायचं. गेलेली बोटं रात्रंदिवस ठणकायची. नसलेलं बोट दुखतं कसं, हे डॉक्टरला विचारलं तर तो हसला. मग तिनं विचारणं सोडलं. ठणका लागला की अक्षरं मांडायची. शब्द जुळेपर्यंत कळ मागे सरायची.

सात नंबरला दोन बटनं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण तेवढ्यानं नग कमी निघतात, म्हणून एक बटन टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं, आणि समोरची जाळी काढून टाकलेली. तिचा एक हात बटनावर होता, दुसरा आत. नोंद झाली, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. त्याखाली बारावी पास बाईचा डावा अंगठा उमटवून घेतला.

तिसरा रकाना तिनं काही शौर्य म्हणून भरला नव्हता. विचारलं होतं, तिनं सांगितलं. वॉटर: कॅन्टीनशेजारी. क्रेन: प्रेसचा साचा, म्हणजे डाय, बदलताना. ब्रेक: सात नंबरचा उशिरा लागतो. अलार्म: सात नंबरला आहे, वायर तोडली आहे. गार्ड: सात नंबरची जाळी, स्टोअरमागे भंगारात. डाव्या हातानं, चार दिवस खपून. परीक्षकांनी शब्द मोजले, पहिला नंबर देऊन टाकला. बाकी कुणी वाचलंच नाही. वाचलं ते सिद्धेशनं, मनुष्यबळ खात्यातल्या त्या गोड बोलणाऱ्या पोरानं, बोर्डावर लावायच्या आधी.

"शब्द तेच राहू द्या, ताई," तो म्हणाला होता. "तिसरा रकाना फक्त मोकळा सोडा. बाहेरची माणसं येणारेत बघायला."

"आणि जाळी?"

"बघू ना. आणि मार्चअखेर तुमच्या कॉन्ट्रॅक्टचंही बघायचंय." त्यानं पेन तिच्या डाव्या हाताकडे सरकवलं. "सावकाश लिहा. घाई नाही."

सत्तावीस शब्द तिनं पुन्हा लिहिले होते.

"मी सगळ्यांना सांगत होते," साक्षी म्हणाली. "म्हटलं, बोर्डावर लागू दे एकदा. बाहेरचा कुणीतरी वाचेल, जाळी लागेल. आता तीन वाजता स्टेजवर जाऊन बक्षिसाचं घड्याळ घ्या तुम्ही. टाळ्या मी वाजवते."

"तुला काय जातंय बोलायला? मला बसून तपासणीचं काम दिलंय. ते गेलं तर असला हात घेऊन कोणत्या गेटवर उभी राहू? हायवेपर्यंत एक तरी कंपनी दाखव."

"म्हणून मला पुढं केलंत."

"मी केलं? सुपरवायझरनं बसवलं तुला!"

"त्याला ठाऊक नाही असं नाही. पण लिहून दिलं होतं ते तुम्ही एकट्यानं. आणि पुसलंतही तुम्हीच."

"काहून माझ्याच मागं लागलीस? तू लिही की! तुला तर चांगले दोन हात आहेत!"

"आहेत," साक्षी म्हणाली. "अजून आहेत."

विजयश्रीच्या दातांतली नाडी सुटली. नसलेली तीन बोटं एकदम ठणकली. तिनं सवयीनं मनात ए मांडला, आर मांडला, पुढची तीन घरं रिकामी ठेवली. एकही शब्द येईना.

स्पर्धेत भाग घेतला म्हणून प्रत्येकाला हातमोज्यांचा जोड मिळाला होता. साक्षीनं आपला जोड खिशातून काढला, क्षणभर बघितला आणि बाकावर विजयश्रीच्या जोडाशेजारी ठेवला.

भोंगा झाला. साक्षी दाराकडे वळली.

"साक्षी, ऐक. पार्ट हातानं टाकू नकोस. चिमट्यानं टाक. नग कमी भरले तर भरू दे, शिव्या खा. चिमटा घेतलास का?"

साक्षीनं टोपीत केस खोचले.

"अगं, चिमटा घेतलास का? साक्षी?"

साक्षी दार ढकलून प्रेस शॉपकडे निघून गेली.