आईच्या मापात बसण्यासाठी

शिंपीणबाई दुसऱ्याच्या अंगावरचं मांस बघूनच नाक मुरडायच्या. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की म्हणायच्या, "हिला कापडाचं अख्खं ठाण लागेल!" तोंडावर मात्र, "ताई, तुम्हाला काय, काहीही शोभतं."

पोटची लेक गिऱ्हाईक नव्हती, त्यामुळे तिला तोंडावर बोलायची सोय होती. ती वयात आल्यापासून शिवलेला प्रत्येक झगा बाई आधी तिच्या अंगावर चढवून बघत. शिवण ताणली की चारचौघींत डाफरत, "गिळ अजून!" बाप कोपऱ्यात काजं-बटणं करत असे. तो मान खाली घालून सुईत दोरा ओवायचा. दुकानात त्याला तेवढंच काम होतं आणि घरात मत अजिबात नव्हतं.

लेकीने आधी रात्रीचं जेवण सोडलं, मग दुपारचं. घास गालात धरून मोरीत थुंकायला शिकली. केस झडले, पाळी थांबली. बाईंना मात्र आनंदाचं भरतं आलं. "बघा माझी लेक, कशी छडीसारखी!" हे ऐकायला मिळावं म्हणून पोरीने आणखी पोट मारलं. आई तिच्यावर पहिल्यांदाच खूश होती ना!

एके दुपारी गिऱ्हाईक नवरीचा झगा मापाला घालून उभी असतानाच ती धाडकन कोसळली. बाई धावत आल्या आणि आधी झगा उसवला का ते बघितलं. लेकीने अर्धवट डोळ्यांनी ते पाहिलं.

"ही जेवत नाही हे तुमच्या लक्षात आलं नाही?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे खायला काय कमी आहे? नखरे आहेत नुसते!"

"आईला बाहेर पाठवा," लेक म्हणाली. त्या दिवशी तिला आईची भीती वाटली नाही. किळस आली.

तिथून ती आत्याकडे गेली. आत्याची लाँड्री होती. ती 'खा' म्हणायची नाही, 'नको' म्हणायची नाही. समोर बसून आपलं जेवायची. उपचार लांबले. मधे दोनदा पोरगी पुन्हा घसरली, पुन्हा सावरली. आता ती तिथेच कपड्यांना इस्त्री करते.

एकदा बाप आला. "आईचं मनावर घेऊ नकोस. तिचा स्वभावच तसा."

"आणि तुमचा, बाबा? मी वाळत होते तेव्हा तुम्ही बटणं लावत होतात."

बाप चपला शोधू लागला. लेकीने त्याला थांबवलं नाही. आत्याने हाक मारली तशी आत जाऊन ती जेवायला बसली. घास अजूनही सहज उतरत नाही, तरी उतरतो.