वाय दाबायचं कुणी?

मानकोलीच्या आमच्या गोडाऊनमध्ये आम्ही तिघं चहाला बसलो, की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. मी आणि तेजस सर्व्हर सांभाळतो, भोईर सर मॅनेजर. सांगताना पोट धरून हसतो, पण तेव्हा प्रत्येक वेळी देव आठवला होता!

काम ऐकायला सोपं. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची, सॉफ्टवेअर टाकायचं किंवा काढायचं. मशीन विचारतं, "नक्की?" आपण येसचं 'वाय' दाबायचं. बस्स, एवढ्यालाच घाम फुटतो.

तेजस नवा होता तेव्हाची गोष्ट. त्याला मशीनवर पायथन नावाचं जुनं सॉफ्टवेअर दिसलं. नवं आहेच, मग हे कशाला, म्हणून काढून टाकलं. त्याच्या आधारावर काय काय उभं होतं हे कुणाला ठाऊक! स्क्रीनवर नावांची रांग सरसर वर गेली आणि सगळे आयकॉन गायब. तेजस हळूच म्हणाला, "सर, मशीन हलकं झालं."

"हलकं कसलं रं? गेला तो!" भोईर सर मटकन खाली बसले.

तेव्हापासून सरांनी धसकाच घेतला. अपडेटच्या दिवशी ते वज्रेश्वरीचा अंगारा घेऊन आले आणि चिमूटभर सर्व्हरवर सोडला. पंख्यानं तो आत ओढला आणि अलार्म जो कोकलायला लागला! आम्ही दोघं पांढरेफटक. सर मात्र हात जोडून म्हणाले, "देवीनंच सांगितलाय, आज अपडेट करायचा न्हाय!"

नाही केलं. कुणाची टाप होती?

मग ठाण्याहून एक इंजिनिअर आला. त्याच्या स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या, एक सरावाच्या टेस्ट मशीनची, एक खऱ्या सर्व्हरची. "टेस्टवर आहे हो, घाबरता काय!" म्हणत त्यानं फटाफट सॉफ्टवेअरची पॅकेजेस काढली. खाली लेबलचे प्रिंटर एकदम गप्प झाले. ट्रकवाले हॉर्न मारायला लागले, सुपरवायझर ओरडत जिना चढू लागला. इंजिनिअरनं शांतपणे बॅग उचलली आणि विचारलं, "मागचं गेट कुठेय?" तेव्हापासून काहीही बंद पडलं, की भोईर सर समोर दिसेल त्याच्यावर धावून जायचे, "काय दाबलास रं?"

पण कोल्ड रूमचा किस्सा निघाला, की आजही माझा चहा गार होतो.

त्या दुपारी तेजस सर्व्हरवर साफसफाई करत होता. मशीननंच यादी दिली, ही पॅकेजेस आता लागत नाहीत. त्यानं वाय दाबलं. त्यातल्याच एकावर कोल्ड रूमच्या दाराचं लॉक चालत होतं. दार बंद झालं ते उघडेचना, आणि आत आमचा लोडर सलीमभाई! आइस्क्रीमचे दोन खोके आणायला म्हणून तो तसाच आत गेला होता. त्याचं जॅकेट बाहेर खुंटीवर लटकत होतं.

आतून उघडायचा खटका कधीचाच मोडलेला. मेकॅनिकला फोन केला, तर तो कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये. आतून थाप ऐकू येत होती. भोईर सर दारावर मुठी आपटत ओरडत होते, "सलीम, चलते रहो! बैठना मत!"

मी लॅपटॉप दारापाशीच एका क्रेटवर ठेवला आणि पॅकेज परत टाकायची कमांड दिली. नेट रडत होतं. डाउनलोड अर्ध्यावर येऊन अडकलं. आतली थाप हळू झाली. मग थांबली. मला रडू फुटलं. तेजस भिंतीला टेकून नुसता "आई, आई" करत होता.

डाउनलोड पुन्हा हललं, सरकत सरकत पुरं झालं. लॉक खट्ट वाजलं. सरांनी दार ओढलं.

सलीमभाई दारातच उभा होता. भुवया पांढऱ्या, ओठ निळे. सर जॅकेट घेऊन पुढे धावले, तसा तो एक पाऊल मागे सरकला. गारठलेले हात कसेबसे जोडले आणि म्हणाला,

"साहब, मैंने कुछ नहीं दबाया!"