थीमच्या पोटातली यादी

वडीगोद्रीच्या एका मंडळासाठी मी रक्तदात्यांची साइट केली होती, जालन्यातल्या मस्तगडमधल्या माझ्या खोलीत बसून. थीम, म्हणजे साइटचं रूपडं, विकत घेतली तेव्हा तिच्या पोटात यादी दाखवणारं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, आयतंच आलं. फुकट ते पौष्टिक! वेगळं प्लगइन टाकायचा मी आळस केला, हे आधीच कबूल करतो.

पुढे थीम बनवणाऱ्याने काम सोडलं. प्लगइनच्या सुरक्षेत भगदाड सापडलं, पण दुरुस्ती यायची ती थीमबरोबरच. आता ती कुठून येणार? वैतागून एका सकाळी मी थीमच बदलली. नवं रूप झकास दिसत होतं. मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, शाबासकी आली, जेवायला बसलो.

तेवढ्यात फोन. साइटच्या तळाशी माझा नंबर होता.

"भाऊ, जालन्यात दवाखान्यात हाय. बायको बाळंत झाली, रक्त थांबून न्हाई राह्यलं. पेढीतबी रक्त न्हाई म्हणतेत. तुमच्या यादीत एक नाव दिसंना. जल्दी करा!"

साइट उघडली. नावांच्या जागी कंसातला एक कोड. थीम गेली तसं प्लगइनही गेलं होतं. नावं आत शाबूत होती, ती दाखवणारं कुणी उरलं नव्हतं. जुनी थीम मी सकाळीच पुसली होती, कचरा नको म्हणून. स्वतःला शिव्या घालत पेनड्राइव्ह उपसले. तिसऱ्यात ती सापडली. चढवली, तर पान पांढरंफटक.

पुन्हा त्याचा फोन. "झालं का, भाऊ?"

"दोन मिनिटं थांबा!" मी चक्क खेकसलो.

कोडमधली एक नडणारी ओळ बंद केली आणि नावं दिसली. मीच फोन लावला. "आता बघा."

तो यादी चाळू लागला. "ओ निगेटिव्ह एकच हाय. पहिलंच नाव." मग हळूच म्हणाला, "भाऊ, हा तर तुमचाच नंबर हाय ना?"

यादी चालते का पाहायला पहिली नोंद मी माझीच भरली होती.

तसाच धावत सुटलो. दवाखाना दहा मिनिटांवर होता. रक्त दिलं, ती वाचली. नवरा माझे हात धरून रडला, आणि मला त्याच्याकडे बघवेना. पाऊण तास मी साइटशी झटत होतो. रक्त कोणतं पाहिजे, एवढं मात्र त्याला एकदाही विचारलं नव्हतं.