तिसरी पाळी

मराठी आवाज बंद झाल्याची बातमी मी कंपनीच्या बसमध्ये वाचली. बस चाकणच्या चौकाअलीकडे नेहमीप्रमाणे अडकलेली होती, एका बाजूला कांद्याचे ट्रक, दुसऱ्या बाजूला नव्या गाड्या वाहून नेणारा लांबलचक कंटेनर, आणि हलायची कुणाचीच चिन्हं नव्हती. मोबाईलवर बातमी आली की आमच्या मालिकेचा पुढचा, म्हणजे शेवटचा सीझन इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत येणार. मराठीचं नाव नव्हतं. आधीचे सगळे सीझन मराठीत होते, आता ऐन शेवटाला मराठी नाही. कारण काय, तर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया लक्षात घेऊन हा निर्णय घेतला म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणते प्रेक्षक? मी प्रेक्षक नाही? माझी आई नाही?

मालिका अंतराळातली आहे. एक जुनं मालवाहू यान वाट चुकतं, घरी परतायची धडपड करतं, एवढीच गोष्ट. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मेन्टेनन्सचं प्लॅनिंग बघते, त्यामुळे ही मालिका बघताना मी पहिल्या भागापासून चिडत आले आहे. दर दोन-चार भागांनी इंजिन पेटतं आणि सगळे आश्चर्याने एकमेकांकडे बघतात. अरे, मशीन तपासायचं कधी? तेल कोण बदलतं? एवढ्या मोठ्या यानात दुरुस्तीला एकच बाई, तीही म्हातारी, आणि हिरो लोक खिडकीत उभे राहून ताऱ्यांकडे बघत दुःख करतात. आमच्या कारखान्यात असं चाललं असतं तर पहिल्याच ऑडिटला सगळ्यांची हजेरी घेतली असती. पण मी एकही भाग सोडला नाही. प्रेम असल्याशिवाय माणूस इतकं चिडत नाही.

आई सुरुवातीला नुसती सोबतीला बसायची. संध्याकाळची वंदना झाली की मटार नाहीतर मेथी घेऊन टीव्हीसमोर यायची आणि म्हणायची, "लाव तुझं इमान." तिने भोसरीच्या एका कंपनीत कॉइल गुंडाळायचं काम आयुष्यभर केलं, केसासारख्या बारीक तारेच्या कॉइल. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचा पडदा गेलाय. टीव्हीवरची माणसं तिला दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. म्हणून तिच्यासाठी ही मालिका म्हणजे त्यातले आवाज होते.

त्यातही एक आवाज. ती म्हातारी मेकॅनिक मराठीत कुणी बोलायचं, मला आजही माहीत नाही, त्या लोकांची नावं शेवटी इतक्या वेगाने पळवतात की धड डोळ्यांच्या माणसालाही वाचता येऊ नयेत. आवाज थोडा बसलेला. बोलायच्या आधी बारीकसा खोकला. कॅप्टनने काहीही सांगितलं की ही "व्हय, बघते" म्हणायची आणि निघायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईने हातातला मटार तसाच धरला. "ही आपल्याकडची हाय," ती म्हणाली. मी तिला समजावलं की ही परदेशातली नटी आहे, आवाज वेगळ्या बाईने दिलाय. आईने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. त्या दिवसापासून ती 'आमची बाई' झाली.

आता त्या शब्दाविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिनसलं. यानात माणसं आळीपाळीने जागी राहतात, बाकीचे झोपतात. आम्ही त्याला शिफ्ट म्हटलं असतं. मराठी करणाऱ्याने 'पाळी' म्हटलं. शब्द चुकीचा अजिबात नाही, माझे वडील जन्मभर रात्रपाळीच म्हणत आले. पण तो लिहिणारा माणूस बायकांच्या लाइनवर कधी उभा राहिलेला नव्हता, हे नक्की. आईच्या कंपनीत कामाला शिफ्टच म्हणायचे, ठरवून, कारण एखादी पोरगी 'माझी पाळी हाय' म्हणाली की सुपरवायझर दुसरीकडे बघायचा आणि तिला थोडा वेळ बसू द्यायचा. आणि इथे कॅप्टन, बाईमाणूस, सगळ्या पुरुषांसमोर छाती पुढे काढून जाहीर करते, "माझी तिसरी पाळी सुरू होतेय. मला कुणी उठवायचं नाही."

आई इतकी हसली की मटार घरभर झाले. "तिसरी?" ती डोळे पुसत म्हणाली. "डाक्टरला दाखव म्हणावं!" नंतर कॅप्टन दिसली की आई तिची तब्येत विचारायची. ते हसणं घरातलं होतं, आपल्या माणसाची जीभ घसरल्यावर आपण हसतो तसलं.

माझ्याच डिपार्टमेंटला एक सहकारी आहे, लातूरकडचा, बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बसतो. माणूस चांगला, मालिकेचा माझ्याइतकाच वेडा. नवीन भाग आला की देहूरोड ते चाकण आमची चर्चा चालायची, बाकीची बस कंटाळायची. त्याने ते एवढं एकच वाक्य कापून, मागे हसण्याचा आवाज लावून चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं. ते वाऱ्यासारखं पसरलं. खाली एकेक शेरे. हे यान आहे की एसटी. मराठीला हे झेपत नाही. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांतल्या कुणीही एक अख्खा भाग मराठीत ऐकलेला नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगते. ऐकला असता तर आमची बाई त्यांना भेटली असती.

म्हणून बातमी वाचल्यावर मी बसमध्येच मागे वळले.

"वाचली का?"

"वाचली की, ताई," तो म्हणाला. "बरंच झालं. तसंबी कोण बघायलं होतं मराठीत?"

"माझी आई बघत होती."

तो जरा गडबडला. "मग हिंदीत लावून द्या की त्यांना. हिंदी कळतंय ना?"

"ती क्लिप तुम्ही केलीत."

"जोक होता ओ, ताई. एका जोकनं कुठं काय बंद पडतंय?"

"एका वाक्याला हसलात. बाकीचं कुणी ऐकलं?"

तो सीटवरून पुढे सरकला. मग खालच्या आवाजात, अगदी मनापासून म्हणाला, "खरं सांगू का, ताई? मला मराठीत ऐकताना लाजच वाटायली. यान खोटं वाटतंय ओ."

त्याने चिडून सांगितलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तो खरं बोलत होता, आणि मराठीत बोलत होता, म्हणूनच माझा जास्त संताप झाला. आमच्या वेल्ड शॉपमध्ये परदेशातून आणलेले रोबो आहेत. ते अडकले की हाच माणूस त्यांना अस्सल लातुरी शिव्या घालतो, आणि ते सुरू होतात. चाकणमधल्या सगळ्या मशिनी मराठीतच बिघडतात, मराठीतच दुरुस्त होतात. बोल्ट मराठीत आवळता येतो, मग तोच बोल्ट आभाळात नेला की मराठीची लाज का वाटावी? हे सगळं मी त्याला ऐकवलं, मोठ्याने. पुढच्या सीटवरचे वळून बघायला लागले. "आवो ताई, मालिका हाय ती," कुणीतरी म्हणालं. मालिका आहे म्हणूनच तर. बाकी कुठल्या गोष्टीवर आमचं काही चालत नाही, निदान संध्याकाळी घरात कोण कोणत्या भाषेत बोलेल एवढं तरी आमचं असावं.

आईला सांगणं मात्र जड गेलं. आधीचा सीझन कसा संपला होता, तर आमची बाई दुरुस्तीला यानाबाहेर गेली होती आणि दोर तुटला होता. तिथेच संपवलं, वाट बघा म्हणाले. तेव्हापासून आई अधूनमधून, भाजी चिरताना, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही विचारायची, "ती आत आली का गं?" मी म्हणायची, नवा सीझन आला की कळेल. आता काय म्हणणार होते?

आईने सगळं ऐकून घेतलं आणि कामाचंच विचारलं. "तक्रार कुठं करायची?"

"मोबाईलवर केली. उत्तर आलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे."

"माणूस न्हाई भेटत? गेटवर?"

"आई, त्याला गेट नसतं."

"गेट न्हाई?" आईला हे खरोखरच कळेना. "मग लोकांनी उभं कुठं राहायचं?"



सीझन आला. आधी हिंदी लावून बघितलं. हिंदीवाल्यांनी आमच्या बाईला विनोदी करून टाकलं होतं. चिरका आवाज, प्रत्येक वाक्याला हेल, सगळ्यांनी हसावं म्हणून ठेवलेली म्हातारी. आईने थोडा वेळ सोसलं. "बंद कर," ती म्हणाली. "हिला जोकर केलीय." मग मी इंग्रजी लावलं आणि स्वतः सांगायला बसले. जरा बघायचं, थांबवायचं, आईला सांगायचं, पुढे जायचं. माझं सांगणं म्हणजे कंपनीतला रिपोर्ट. "ती म्हणतेय की बाहेरच्या टाकीतली हवा कमी होतेय आणि त्यांनी भांडू नये."

"ती अशी न्हाई बोलत," आई म्हणाली.

"मग कशी बोलते?"

आईने पदर सावरला. बारीक खोकली. आणि तो बसलेला आवाज आमच्या हॉलमध्ये आला. "व्हय, बघते. हवा संपत आली बघा. आता तरी भांडू नका रे."

 नक्कल नव्हती ती. ती बाई जे बोलली असती, ते आई बोलली होती.

तशीच आमची पद्धत पडली. मी थांबवून हळूच अर्थ सांगायचा, आईने बाईचं बोलायचं, बाकी सगळ्यांचं मी. माझी कॅप्टन लई मिळमिळीत आहे असं आईचं म्हणणं होतं. एका भागाला रविवारची अख्खी दुपार लागायची. शेजारच्या काकू एकदा वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहून ऐकत राहिल्या. बाई आत आली, दोर सापडला तेव्हा आईने जो सुस्कारा सोडला तो बाईचा होता की तिचा, मला सांगता येणार नाही. पण मला राग येतच राहिला. हे काम कुणीतरी नीट, शिकून, माइकसमोर बसून करत होतं, आणि त्या बाईला आम्ही हसून घालवलं.

मग शेवटचा भाग. सहकाऱ्याने बसमध्ये आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, शेवट लई भारी हाय, रडू येतंय." मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

यान फुटायला आलंय. सगळे छोट्या होडीसारख्या यानात बसून निघणार. पण मोठ्या यानाचं दार उघडं राहायचं तर इंजिनाच्या खोलीत कुणीतरी एक दांडा हाताने दाबून धरायला हवा. हाताने! एवढं तारे ओलांडणारं यान आणि त्या दांड्याला साधी खिटी नाही. एक पाइप अडकवला असता तरी भागलं असतं, आमच्याकडचा कुठलाही फिटर सांगेल. पण लेखकांना खिटी नको होती, त्यांना मरायला कुणीतरी हवं होतं. तरुण कुणी मेलं तर लोक ओरडतील, म्हणून म्हातारी. तिच्या मरणावर हिरोने एक आसू ढाळायचा आणि पुढच्या दृश्यात घरी पोचून गळ्यात गळे घालायचे. एवढे सीझन तिने यांची इंजिनं उचलून धरली, आणि तिच्या वाट्याला एक वाक्य.

मी थांबवलं. ती दांडा धरून माइकवर बोलत होती, तोंड अर्धं उघडं.

"काय म्हणती?" आईने विचारलं.

"म्हणतेय, माझं काम झालं. तुम्ही निघा."

मी आईच्या आवाजाची वाट बघत राहिले. आई टीव्हीच्या जवळ गेली, चांगल्या डोळ्याने त्या बाईच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली.

"आन मग?"

"मग ती तिथेच राहते. बाकीचे जातात."

"मरती?"

"हो."

"हे तिनं सोताहून म्हटलंय?"

"तसं लिहिलंय, आई."

"लिहू दे." आईचा आवाज चढला. तिला चिडलेलं मी फार कमी वेळा बघितलं आहे. "काम झालं की माणूस घरी जातंय. हातपाय धुतंय, जेवतंय. काम झालं म्हणून मर, असं कुणी सांगतं व्हय? ती असलं काय बोलायची न्हाई. आन मीबी बोलणार न्हाई."

"मग पुढे कसं जायचं?"

"जायचंच न्हाई," आई म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

मी रिमोट हातात धरून बसले होते. मला शेवट बघायचा होता, खोटं कशाला बोलू, जीव तुटत होता. मी टीव्ही बंद केला.

सोमवारी बसमध्ये सहकारी मागून पुढे वाकला. "ताई, बघितला का शेवट? कसाय?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे तो अजून मराठीत आला नाही."