पूर्वेचा काठ

दुपारी जेवण झाल्यावर नरहर खांबेटे आपल्या पुस्तकाची मुद्रितं तपासायला बसतात आणि तिसऱ्याच पानावर त्यांची मान कलते. लडाखहून आणलेला अंड्याएवढा गोटा पानांवर ठेवलेला आहे. शेवटच्या प्रकरणातलं वाक्य डोळ्यांसमोर तरंगतं : 'चाळीस वर्षांत या तळ्यावरच्या पट्टेरी हंसांच्या घरट्यांची संख्या स्थिर राहिली आहे.' उद्या सकाळी छापखान्याचा माणूस पानं न्यायला येणार. वाक्य चांगलं आहे, असं ते स्वतःला बजावतात. मिटत्या डोळ्यांना पुस्तकांच्या कपाटातून गार वारा लागतो.

कपाटाच्या खालच्या फळीवर रिगझिन बसले आहेत. तळ्याकाठच्या गावातले मेंढपाळ, वारले त्याला सहा वर्षं झाली. घरटी मोजायला खांबेट्यांना त्यांनीच शिकवलं. उजव्या खिशात खडे भरायचे आणि घरटं दिसलं की एक खडा डाव्या खिशात टाकायचा. जवळ जायचं नाही.

"अचो," खांबेटे म्हणतात. तिकडे थोरल्या भावाला अचो म्हणतात. "तुम्ही मराठी कधी शिकलात?"

"मेल्यावर वेळच वेळ असतो. चला, मोजू."

फळी संपते तिथून तळं सुरू होतं. काठाला पर्यटकांच्या तंबूंची रांग, तंबूंमागे उघडं गटार, शेवयांची पाकिटं, पोरांची लंगोटं, बियरचे डबे. त्यात भटकी कुत्री तोंडं घालतायत. एकाच्या जबड्यावर पिवळा बलक वाळलाय. नासक्या अंड्यांचा वास घशात उतरतो. खांबेटे नाकाला रुमाल लावतात, पुढचं पाऊल टाकतात, तर पायाखाली गालिचा. तंबूंना परवानगी देणाऱ्या समितीची बैठक चालू आहे, वास तोच आहे. कोणी खांबेट्यांचं वाक्य मोठ्यानं वाचतंय. घरटी स्थिर आहेत तर आणखी तंबूंना हरकत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि समोशांची तेलकट बोटं चाटली जातात. खऱ्या बैठकीत खांबेटे गप्प बसले होते. आताही गप्पच आहेत.

"खिसा रिकामा करा," रिगझिन म्हणतात.

डाव्या खिशातून टेबलावर यंदाचे चौसष्ट खडे पडतात.

"आणि पहिल्या वर्षी?"

"बासष्ट."

"कुठल्या काठाचे?"

खांबेट्यांना ठाऊक आहे. तेव्हा पूर्वेच्या काठाला वाटच नव्हती. दोघं पश्चिमेनं चालत मोजायचे. पुढे जीपचा रस्ता झाला, पूर्वेची घरटीही धरली गेली आणि बेरीज एकच लिहिली गेली. नंतर त्यांच्या ते लक्षात आलं होतं. आपलंच काही चुकत असेल, असं वाटून त्यांनी तो विषय सोडून दिला, असं ते पुटपुटतात.

"सर, तुम्ही कडी लावली का हे तीनदा बघता," रिगझिन म्हणतात. "आणि ही एकच बेरीज बघायची राहिली?"

रिगझिन पूर्वेचे खडे बाजूला सारतात. पस्तीस. उरतात एकोणतीस.

टेबलाखालून कुत्रं वर चढतं आणि ते एकोणतीस खडे खाऊ लागतं. टरफलं फुटावीत तसा आवाज येतो. समितीतलं कोणी त्याच्यापुढे समोसा सरकवतं. खांबेट्यांना कुत्र्याची, त्या बोटांची किळस येतेच, पण स्वतःच्या गप्प तोंडाची सगळ्यांत जास्त. आयुष्यात प्रथमच ते कोणाला न विचारता हात पुढे करतात आणि शेवटचा खडा कुत्र्याच्या दातांतून ओढून घेतात. मुठीत तो अंड्याएवढा होतो.

"याचं काय करू?"

"मोजलंत ना? मग डाव्या खिशात."

पंख्याची घरघर ऐकू येते. पानं उडून जमिनीभर पसरली आहेत. खांबेटे शेवटच्या प्रकरणाचं पान शोधतात, 'स्थिर राहिली आहे' यावर काट मारतात आणि लिहितात : 'निम्म्याहून कमी झाली आहे. आधीची बेरीज चुकीची होती. चूक माझी.' पुन्हा शंका येऊन वाचतात. पण खोडत नाहीत.

उरलेली पानं गोळा करायला वाकतात तेव्हा सदऱ्याचा डावा खिसा जड होऊन लोंबतो. त्यात तो गोटा आहे, ओला, आणि त्याला कुत्र्याच्या लाळेचा वास येतोय.