तिसऱ्या मजल्यावरचं कपाट

लिफ्टमधून मला बाहेर काढलं. ढकललं नाही. दोन बोटांनी शर्टाची बाही धरली आणि बाहेर ओढलं. मेलेला उंदीर शेपटीला धरून टाकतात, तसं.

ऑगस्ट महिना होता. कुवेतच्या खैतान भागातली सात मजली बिल्डिंग. मी अम्गरा नावाच्या भागातल्या वर्कशॉपमध्ये दिवसभर दारं-चौकटी कापून आलो होतो. अंगावर भुसा, हातात भाजीची पिशवी. आम्ही आठ जण गच्चीवरच्या खोलीत राहायचो, म्हणजे लिफ्टची गरज सगळ्यांत जास्त आम्हालाच. मी बटण दाबणार तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे साहेब आले. पुण्याचे. मोठ्या कंपनीत इंजिनियर. मागे त्यांची बायको आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी.

मी अंग चोरून जागा केली. मुलीने नाक दाबलं. म्हणाली, "डॅड, धिस मॅन स्मेल्स."

साहेबांनी माझी बाही धरली. "तू जरा जिन्याने जा. बॅचलर लोकांनी लिफ्ट वापरायची नाही, असं फॅमिलींच्या मीटिंगमध्ये ठरलंय."

शुद्ध, गोड मराठीत बोलले. त्यांना जायचं होतं तीन मजले. मी सात चढलो.

त्या पोरीला मी माफ केलं. घरात जे बोलतात तेच तिच्या तोंडून निघालं. बाकी कुणाला माफ केलेलं नाही, आजही नाही.

बॅचलर! माझं लग्न झालेलं होतं. गावी बायको होती, दोन मुलं होती. आमच्या खोलीतल्या आठांपैकी सात जण लग्न झालेले. पण इथे बायको-मुलं आणायला पगार लागतो. सुताराचा पगार तिथवर पोचत नाही. मग कागदावर तुम्ही बॅचलर, आणि बॅचलर म्हणजे घाणेरडा, बायकांकडे बघणारा, चोर. गावात आमची वाडी वेशीबाहेर होती ती जातीमुळे. आजा त्या वाडीत जन्मला आणि तिथेच मेला. मी आयटीआय केलं, पासपोर्ट काढला, समुद्र ओलांडला आणि सुटलो असं समजलो. इथे पगाराने वाडी ठरते, एवढाच फरक.

खरं दुखणं वेगळंच होतं. तीनच आठवड्यांपूर्वी मी त्याच साहेबांच्या घरी जेवलो होतो.

ते सांगायचं तर माझं चोरटं काम सांगायला हवं. त्या वर्षांत खैतानमध्ये भाडी अशी चढली की फॅमिलीवाल्यांनाही पेलेनात. मग ते हॉलमध्ये प्लायवूडची भिंत घालायचे आणि अर्धा हॉल कुणाला तरी द्यायचे. कोणाला? बॅचलरला. दुसरं कोण राहणार तिथे! मालकाची याला सक्त मनाई होती. सापडला की घर रिकामं करा. म्हणून काम गुपचूप व्हायचं. शुक्रवारी दुपारी हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, मशिदीत नमाजाला गेला की तेवढ्या तासात. पट्ट्या सगळ्या वर्कशॉपमध्येच कापून आणायच्या. खिळा मारायचा नाही, आवाज होतो. सगळं स्क्रूवर. आणि कुणाच्या घरी भिंत घातली ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. हा आमच्या सुतारांचा धर्मच होता. पोटात ठेवायचं. मी त्या एका बिल्डिंगमध्ये पाच भिंती घातल्या होत्या. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्याकडे घरोघरी प्लायवूडच्या भिंती.

साहेबांची भिंत सगळ्यांत सुबक. मराठी माणूस म्हणून जीव ओतला मी. आत जायचं दार असं केलं की बाहेरून उभं कपाट वाटावं. वर देव्हाऱ्याची फळी, खाली चपलांचा कप्पा. हारिस शंभरदा आला असता तरी त्याला कळलं नसतं. खिडकी साहेबांकडे राहिली. आतल्या बाजूला एक पलंग, एक बल्ब, संपलं.

त्या दिवशी वहिनींनी जेवायला वाढलं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "तू आपला माणूस." मी किती हुरळलो! गच्चीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. ते टेबलावर स्टीलच्या ताटात जेवले आणि मी स्वयंपाकघरात कागदाच्या प्लेटमध्ये, हे मला तेव्हा दिसलंच नाही. दिसलं असेल. मी बघितलं नाही.

त्या कपाटात राहायला आले इब्राहिमचाचा. दापोलीकडचे, साठीचे, अत्तराच्या दुकानात सेल्समन. त्यांना ताकीद होती. चप्पल बाहेर काढायची नाही, पाहुणे आले की आतून कडी, खोकला आला तर तोंडात रुमाल. जिन्यात भेटले की मला म्हणायचे, "काय रे, बरा हाइस ना?" आणि दम खात उभे राहायचे. तेही जिन्यानेच चढायचे.

लिफ्टच्या त्या प्रकाराला आठवडा झाला असेल. हारिस एक कागद घेऊन गच्चीवर आला. मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, इंग्रजी वाचता येत नव्हतं. कागद माझ्यापुढे धरला. "सदीक, शिनू हादा?" मित्रा, हे काय आहे, विचारत होता.

मी वाचला. बिल्डिंगमधल्या फॅमिलींनी मालकाला अर्ज केला होता. गच्चीवरचे बॅचलर अस्वच्छ आहेत. त्यांच्यामुळे आमच्या स्त्रिया आणि मुलं असुरक्षित आहेत. त्यांना ताबडतोब काढावं. टाईप केलेला, सुंदर इंग्रजी. खाली सह्या. पहिली सही तिसऱ्या मजल्याची.

हे सगळं मी माझ्या तोंडाने, मोडक्या अरबीत, त्या हारिसला समजावून सांगितलं. मी घाणेरडा आहे. माझ्यापासून बायकांना धोका आहे. शब्द सापडेना तेव्हा हाताने दाखवलं. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला.

दोन दिवसांनी गच्चीची वीज तोडली. मग पाणी. कुवेतमधला ऑगस्ट. खोलीच्या पत्र्याला हात लागला तर कातडी सोलून निघायची. बरोबरचे म्हणाले, "चल, दुसरी जागा बघू." आम्ही नेहमी तेच केलं होतं. हाकललं की गाठोडं उचलायचं.

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. साहेबांनी दार अर्धं उघडलं. साखळी तशीच.

"साहेब, आमच्याविरुद्ध पहिली सही तुमची?"

"हे बघ, तू पर्सनली घेऊ नकोस. तुझं काही नाही रे. पण फॅमिली बिल्डिंगचं एक स्टँडर्ड असतं."

"आणि चाचा?"

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "हळू बोल. ते कुणाजवळ काढू नकोस हं. तू आपला माणूस आहेस म्हणून तुझ्याकडून काम करून घेतलं."

दार लागलं. मी तिथेच उभा राहिलो. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. झाकायची फळी मीच रंधा मारून दिली होती. त्यांना माझी लाज होती आणि माझ्यावर भरवसाही होता. लाज अशासाठी की मी खालचा. भरवसाही त्याचसाठी. खालचा माणूस तोंड उघडत नाही, याची त्यांना खात्री होती. आज्याने नाही उघडलं, बापाने नाही उघडलं. मला संताप आला. मग जिना चढायला लागलो. गच्चीवर पोचलो तेव्हा माझं ठरलेलं होतं.

शुक्रवारी दुपारी मालकाचा माणूस आला. आम्ही आठ जण गाठोडी घेऊन खाली. फॅमिलीवालेही जमले होते, आमचं निघणं डोळ्यांनी बघायला. साहेब मालकाच्या माणसाशी हात मिळवत होते.

मी मोठ्याने हिंदीत म्हणालो, "एक बॅचलर अभी बाकी है."

मालकाच्या माणसाने विचारलं, कुठे? मी गाठोडं खाली ठेवलं. लिफ्टमध्ये शिरलो आणि तीनचं बटण दाबलं. तो मागोमाग आला, हारिस आला. साहेब जिन्याने धावत वर आले. त्या दिवशी जिना त्यांच्या वाट्याला आला.

दार वहिनींनी उघडलं. मी सरळ कपाटापाशी गेलो आणि बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज. मालकाच्या माणसाच्या कपाळावर आठी चढली. आतून कडी होती. मी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. बिजागरीचे सहा स्क्रू. मीच बसवलेले, मलाच ठाऊक कुठे ते. एकेक काढला. घाई केली नाही. खोटं कशाला बोलू, त्या सहा स्क्रूंइतकं सुख मला कुवेतमध्ये दुसऱ्या कशाने दिलं नाही. साहेब मागे "अरे, अरे" करत होते. मी मागे वळून बघितलं नाही.

देव्हाऱ्याची फळी आधी अलगद उतरवून वहिनींच्या हातात दिली. मग दार उचलून बाजूला ठेवलं. आत बल्बखाली चाचा पलंगावर बसलेले. नमाजाची टोपी डोक्यावर, हातात पावाचा तुकडा.

वहिनी ओरडल्या, "आमच्या ताटात जेवलात आणि हे केलंत?"

"ताटात नाही वहिनी. कागदाच्या प्लेटमध्ये."

दाराशी बिल्डिंगमधले बाकीचे जमले होते. त्यांत चार जण असे, ज्यांच्या घरच्या भिंती माझ्या हातच्या. मी एकेकाकडे बघितलं. स्क्रू-ड्रायव्हर हातातच होता. चौघांच्याही तोंडचं पाणी पळालं. एक जण हळूच सटकला. दुसऱ्याने मला नमस्कार केला. माझ्या उभ्या आयुष्यात खालच्या मजल्यावरच्या माणसाने मला केलेला तो पहिला नमस्कार. मी घेतला नाही.

साहेबांना घर सोडायला आठ दिवस दिले. आम्हालाही जागा सोडावीच लागली. मालक काही न्याय करायला बसला नव्हता. गच्चीचं कुलूप त्याच दिवशी लागलं. आम्ही खैतानमध्येच मागच्या गल्लीत एक खोली धरली, आधीच्या दोघांबरोबर दहा जणांत.

आणि चाचा. त्यांना मी आधी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी हात जोडले असते आणि माझा हात अडला असता. ते माझ्याबरोबर पेटी घेऊन खाली उतरले. दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणाले, "त्याचा घर गेला तो जाऊ दे. पन माझा पन तूच तोडलास, बाबा." मी त्यांना नव्या खोलीत माझा खालचा पलंग दिला आणि मी जमिनीवर झोपलो. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ती शिक्षा मला कबूल आहे. चाचांपुढे माझी मान खाली आहे. साहेबांपुढे नाही.

नंतर बिल्डिंगमधल्या मराठी लोकांनी मला नालायक ठरवलं. विश्वासघातकी. आपल्याच माणसाच्या मुळावर उठला. कुणी म्हणालं, यांना जवळ केलं की असंच व्हायचं. "यांना" म्हणजे कुणाला, ते मला समजलं. इतके दिवस न विचारलेली जात त्यांनी एका दिवसात शोधून काढली.

तरी काम मिळायचं थांबलं नाही. भाडी चढतच राहिली. नव्या शतकात तर लोकांनी स्वयंपाकघरं सुद्धा अर्धी करून भाड्याने दिली. मला शिव्या घालणारेच शुक्रवारी दुपारी फोन करायचे. भिंत हवी आहे, जरा गुपचूप. मी जायचो, अजूनही जातो. बायको-मुलं गावीच आहेत, पोट आहे, हात चालतो.

पण आता गुपचूप नाही. काम घेण्याआधी दारातच सांगतो. ऐका, तुमची भिंत कुठे आहे, तिचे स्क्रू कुठे आहेत, हे माझ्या डोक्यात राहणार. खैतानभर मी घातलेली एकेक भिंत मला पाठ आहे. तुम्ही सुखाने राहा, माझ्या पोटातून शब्द निघणार नाही. पण गच्चीवरच्या, तळघरातल्या, कुठल्याही बॅचलरला हाकलायचा कागद तुमच्याकडे सहीला आला, तर पेन उचलण्याआधी माझी आठवण काढा. आधी आत राहणाऱ्या माणसाला दुसरी जागा बघून देईन, तेवढं मी शिकलोय. मग हत्यारांची पिशवी घेऊन येईन, भर दुपारी, लिफ्टने. पहिली सही ज्याची, पहिली भिंत त्याची.